पापण्यांची शिकवणी

शिवानंद कोरे रोज सकाळी पाच चाळीसला उठत. गजर लावावा लागत नसे. मिरजेच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे सकाळच्या पाळीत भूगोल शिकवल्यामुळे ती वेळ अंगात मुरली होती. उठल्यावर ते आधी शेजारच्या खोलीत जात आणि पलंगाजवळच्या लहान पडद्यावर रात्रीचे आकडे पाहत. श्वास मिनिटाला सोळा, प्राणवायू पंच्याण्णव, ताप नाही. मग पलंगाची डोक्याकडची बाजू बरोबर तीस अंश वर घेत. नाकातल्या नळीतून तीस मिलिलीटर कोमट पाणी, त्यामागून दोनशे मिलिलीटर पातळ आहार, पुन्हा तीस मिलिलीटर पाणी. याला पंचवीस मिनिटे लागत. नंतर ओल्या कापसाने ओठ आणि हिरड्या पुसायच्या, डोळ्यांच्या कडा स्वच्छ करायच्या आणि खालची पापणी किंचित ओढून मलमाची बारीक रेघ भरायची. हे सगळे ते एक शब्दही न बोलता करत. बोलणे शेवटासाठी राखलेले असे.

सव्वासहाला ते खिडकी उघडत, खुर्ची ठरलेल्या जागी ओढून घेत आणि बसत. ती जागा फरशीवर खडूने केलेल्या चार खुणांची होती. शैलजाची नजर ज्या दिशेला स्थिर असे, ती रेषा त्यांनी दोरी लावून काढली होती आणि खुर्ची तिच्या टोकाला आणली होती. बसल्यावर ते घसा साफ करत.

एवढ्यानेच शैलजाच्या पापण्या उचलल्या जात. पहिला शब्द तोंडातून निघण्याआधी, दोन्ही एकदम, सावकाश. आधी पांढऱ्याची एक पातळ कड दिसे, मग तपकिरी बुबुळ. ते बोलू लागले की पापण्या आणखी थोड्या वर जात, आणि एखादे वाक्य रंगले की बाहेरच्या कोपऱ्यांशी किंचित आवळत. हसू आवरणाऱ्या माणसाच्या आवळतात तशा.

"आज वारा नैर्ऋत्येचा आहे," शिवानंद म्हणत. "कृष्णेला पाणी सोडलंय कोयनेतून. परवापर्यंत आयर्विन पुलाखाली पातळी चढलेली दिसेल बघ."

शैलजा बघत असे. निदान शिवानंदांची तशी खात्री होती. मेंदूत रक्तस्राव होऊन तिला आठ महिने झाले होते. बोटे हलत नव्हती, मान वळत नव्हती, चिमटा घेतला तरी ओठातून आवाज येत नव्हता. डॉक्टर जमादारांनी दोनदा मेंदूचे आलेख काढले होते. तिचे नाव, त्यांचे नाव, आईचे नाव असे शब्द कानाशी ऐकवून पाहिले होते. दोन्ही वेळा आलेखात काही फरक पडला नाही. शिवानंदांनी दोन्ही कागद नीट वाचले आणि कपाटात ठेवले. त्यांचे म्हणणे साधे होते: यंत्राला कळत नसेल, पण ती माझ्याकडे बघते.

सात वाजता नसीमा येई. चाळिशीची, कमी बोलणारी, दोन इस्पितळांत आयाचे काम केलेली बाई. अंग पुसणे, कूस बदलणे, घशातला कफ ओढून काढणे ही कामे तिच्याकडे होती. कफ काढताना शैलजाचे सारे शरीर ताठ होई आणि डोळ्यांतून पाणी येई. ती नुसती शरीराची प्रतिक्रिया आहे, असे जमादार सांगत. तेवढा वेळ शिवानंद गॅलरीत जाऊन उभे राहत.

त्या सोमवारी नसीमाने चादर बदलता बदलता विचारले, "सर, एक बोलू का? रागवू नका."

"बोला."

"काल दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात होता. फोनवर गॅसवाल्याशी भांडत होता. इकडं बाईंचे डोळे उघडले."

"उघडणारच. आवाज ओळखते ती माझा."

"तसं नव्हं, सर." नसीमाने उशीचा अभ्रा झटकला. "तुम्ही तिकडं त्याच्यावर ओरडत होता आणि बाई इकडं प्रेमानं बघत होत्या. मी इथं उभी होते, पलंगाच्या ह्या बाजूला. तुम्ही दाराच्या त्या बाजूला. बघत होत्या ते भिंतीकडं. कॅलेंडर आहे तिथं."

"मान वळत नाही तिची. कशी बघणार दाराकडे?"

"बुबुळ तरी हलतं की माणसाचं."

नसीमा पुढे म्हणाली, "तुम्ही बोलत असताना मला त्या खोलीत थांबायला नको वाटतं. खोटं कशाला सांगू. मनात ठेवण्यापेक्षा तोंडावर सांगून टाकलं."

*

पापण्यांची ती शस्त्रक्रिया शैलजाने सात वर्षांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी करून घेतली होती.

तिच्या पापण्या जन्मापासून जड होत्या. लग्नाच्या फोटोतही ती पेंगुळलेली दिसते. तरुणपणी त्याला कुणी सौंदर्य म्हणे. पण ती सांगलीच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक झाली आणि तिचे आयुष्य दिवसाला सहा-सात जोडप्यांचे ऐकण्यात जाऊ लागले, तेव्हा त्या पापण्या तिच्या कामात आडव्या येऊ लागल्या. कवठेमहांकाळची एक बाई दीड तास आपली हकिगत सांगून बाहेर गेली आणि न्यायाधीशांना म्हणाली, "मी जीव तोडून सांगत होते आणि मॅडम झोपल्या होत्या." शैलजाने त्या बाईचे दीड तासाचे बोलणे तारखांसकट परत सांगून दाखवले. न्यायाधीशांची खात्री पटली. बाईची पटली नाही. ती पुन्हा शैलजापुढे बसली नाही.

अशी शस्त्रक्रिया पूर्वीही होत असे. पापणीवरची ढिली कातडी आणि चरबीची गाठोडी काढायची, पापणी उचलणारा स्नायू आखडून शिवायचा. डोळा मोठा दिसे. पण तो सदैव सारखाच मोठा दिसे, आणि जिवंत डोळा तसा नसतो. आपण ऐकत आहोत, कंटाळलो आहोत, चकित झालो आहोत, हे समोरच्याला पापणीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या हालचालीतून कळते. माणसे ती हालचाल मोजत नाहीत, पण वाचतात.

नव्या पद्धतीत हा अर्धा मिलिमीटर हाती आला होता. रुग्णाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत स्नायूची एक पातळ पट्टी वाढवत, केसाहून बारीक तारांच्या जाळीवर. ती मूळ स्नायूला जोडून पापणीत शिवत. कानशिलाच्या हाडाला चिकटवलेला तांदळाएवढा कण आजूबाजूचे आवाज टिपे आणि पट्टीला इशारा देई. लागणारी ऊर्जा ऊतींमधल्या साखरेतून मिळे, त्यामुळे बॅटरी बदलण्याचा प्रश्न नव्हता. ज्यांच्या पापणीला मेंदूचा संकेत मुळातच क्षीण पोहोचतो, त्यांची पट्टी तो संकेत पूर्ण येण्याची वाट पाहत बसत नसे. आवाज ओळखून ती स्वतःच पुढे होई.

रुग्णालयाने दिलेली पुस्तिका शिवानंदांनी तेव्हा लाल पेनाने खुणा करत वाचली होती. पहिले दोन दिवस दर तासाला गार पट्ट्या. आठवडाभर डोके उंच ठेवून झोपणे, खाली न वाकणे. सहाव्या दिवशी टाके. तीन आठवडे डोळ्यांभोवती आधी जांभळा, मग पिवळट रंग. काही रात्री पापण्या पुरत्या मिटणार नाहीत, घाबरू नये, मलम घालावे. आणि मग सहा आठवड्यांची "शिकवणी": या काळात पट्टी कोणत्या आवाजाला केव्हा व किती उचलायचे हे शिकेल; त्यासाठी रुग्णाने आपल्या इच्छेनुसार सोबतचा तक्ता भरावा.

गार पट्ट्या शिवानंदांनीच ठेवल्या. तक्ता शैलजाने एकटीने भरला. त्यात काय विचारले होते, हे जाणून घ्यावे असे त्यांना वाटले नाही.

नंतरची सात वर्षे चांगली गेली. तिच्यापुढे बसलेली माणसे लवकर मोकळी होऊ लागली. घरीही संध्याकाळची जेवणे लांबली. शिवानंद खडकांविषयी, नद्यांनी बदललेल्या पात्रांविषयी, महाविद्यालयातल्या राजकारणाविषयी बोलत, आणि शैलजा ताटात हात सुकेपर्यंत ऐके. उतारवयात नवरा-बायको नव्याने जवळ येतात असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. ते खरे निघाले, असे त्यांना वाटले.

*

मंगळवारी शैलजाला पुन्हा ताप चढला. छातीत कफ साठण्याची ही तिसरी वेळ. डॉक्टर जमादार घरी आले, छाती तपासली, औषध सुरू केले आणि हात धुऊन बाहेरच्या खोलीत बसले.

"या वेळी बहुतेक निभावेल," ते म्हणाले. "पण पुढच्या वेळी दोनच रस्ते आहेत, कोरे सर. गळ्याला भोक पाडून कृत्रिम श्वासावर ठेवायचं. नाहीतर घरीच, त्रास होणार नाही एवढं बघत, जे होईल ते होऊ द्यायचं. मागच्या महिन्यात तुम्हाला कागद दाखवला होता."

"श्वासावर ठेवा."

"किती दिवस?"

"जितके लागतील तितके."

शैलजाची मोठी बहीण उमाक्का जयसिंगपूरहून आली होती. ती कोपऱ्यात बसून ऐकत होती. जमादार गेल्यावर ती म्हणाली, "शिवानंदराव, आई चाळीस दिवस तसल्या नळ्यांत होती. शैला रोज बाहेरच्या बाकावर बसायची. काय म्हणाली होती ती तुम्हाला, आठवतंय का?"

"आठवतंय."

"'मला असं ठेवू नका.' माझ्यासमोर म्हणाली."

"अक्का, तेव्हा तिला वाटलं असेल तसं. आता मी रोज बोलतो तिच्याशी. तिचे डोळे बघा एकदा. जायचं असलेल्या माणसाचे डोळे तसे नसतात."

उमाक्का उठून आत गेली. पलंगाशी वाकून म्हणाली, "शैले, मी आले गं. जयसिंगपूरची अक्का."

पापण्या हलल्या नाहीत.

"शैले."

शिवानंद दारात उभे होते. आठ महिने हे असेच चालले होते आणि त्याचा त्यांना एक छुपा अभिमान होता. त्याची लाजही वाटे. ते हलकेच म्हणाले, "शैला, अक्का आल्यात." पापण्या उचलल्या गेल्या. बुबुळे कॅलेंडरवर स्थिर, कडा मऊ.

उमाक्काने बहिणीकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग शिवानंदांकडे.

"चोपन्न वर्षं ओळखते मी हिला," ती म्हणाली. "तुमच्या आधी तेवीस वर्षं एका अंथरुणात झोपलोय आम्ही. माझा आवाज ओळखणार नाही ती? एवढी काय रागावली माझ्यावर?"

ती थट्टेच्या सुरात बोलायला गेली, पण आवाज मध्येच फुटला. शिवानंदांना त्या रात्रीच्या जेवणापर्यंत दुसरे काही सुचले नाही. शैलजा अक्कावर रागावलेली नव्हती, कधीच नव्हती. मग ती अक्काला का उत्तर देत नाही? बुधवारी सकाळी त्यांनी पापण्यांच्या रुग्णालयाला फोन केला.

*

तिथल्या डॉक्टर घाटे शिवानंदांच्याच महाविद्यालयातून शिकून गेलेल्या होत्या. वर्गात त्या पुढच्या बाकावर बसत, हे शिवानंदांना आठवत होते. आता त्यांचे केस पांढरे होऊ लागले होते.

त्या बुधवारीच संध्याकाळी घरी येऊन शैलजाच्या कानशिलाशी एक लहान उपकरण धरून गेल्या होत्या. त्यातून निघालेला आलेख गुरुवारी सकाळी रुग्णालयात त्यांच्या टेबलावर होता.

"ही सात वर्षं," त्यांनी बोट ठेवले. "आणि हे गेले आठ महिने."

पहिला भाग खाली-वर जाणाऱ्या टेकड्यांसारखा होता. दुसरा भाग एकसारखा चढत गेला होता.

"म्हणजे सुधारणा आहे," शिवानंद म्हणाले.

"पट्टीमध्ये आहे, सर." त्यांनी बोट आलेखाच्या तळाशी नेले. "पापणी उचलणाऱ्या स्नायूची नस मध्यमेंदूतून निघते. शैलजाताईंना रक्तस्राव झाला तो तिथेच. त्या दिवसापासून वरून एकही संकेत आलेला नाही. हा खालचा पट्टा बघा, कोरा आहे. आठ महिन्यांत पापण्या जितक्या वेळा उघडल्या, तितक्या वेळा पट्टीने उघडल्या."

"पण ती शिकतेय. ही रेषा चढतेय."

"शिकतेय. तुमच्याकडून."

शिवानंदांनी आलेख स्वतःकडे ओढून घेतला.

"आपलं कुणी मन लावून ऐकतंय असं वाटलं की माणसाचा आवाज बदलतो," घाटे म्हणाल्या. "वाक्यं लांबतात, मधले थांबे कमी होतात, सूर खालचा आणि ऊबदार होतो. पट्टी तेवढंच मोजते. अमुक हालचाल केल्यावर समोरचा जास्त बोलला, तर ती हालचाल पुन्हा करायची. नाही बोलला, तर दुसरी करून बघायची. आधी ताईंच्या मेंदूचा थोडासा का होईना लगाम होता. त्या दमल्या, कंटाळल्या, चिडल्या, की पापणी थोडी खाली यायची. म्हणून त्या टेकड्या. आता लगाम नाही. समोर फक्त तुम्ही आहात, रोज सकाळी तासभर."

"कोपऱ्याशी आवळतात," शिवानंद सावकाश म्हणाले. "हसल्यासारख्या. ते पूर्वी नव्हतं. गेल्या तीन-चार महिन्यांत आलं."

"तुम्ही त्याला प्रतिसाद दिलात."

"मग सकाळी माझ्याकडे जे बघतं..."

"त्याला तुम्हाला काय आवडतं एवढंच माहीत आहे, सर. बाकी काही नाही."

बाहेर कुणीतरी नाव पुकारले. एक बाई काळा चष्मा लावून, नवऱ्याचा हात धरून आत गेली. घाटे हलक्या आवाजात म्हणाल्या, "आत ताई नाहीतच, असं मी म्हणत नाही. ते मला सांगता येणार नाही. जमादार तपासण्या करताहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवा. मी इतकंच सांगते की डोळ्यांवरून काही ठरवू नका. त्या डोळ्यांत तुम्हाला तुमचंच बोलणं परत मिळतंय."

"अक्काच्या आवाजाला का नाही उघडत?"

"यादीत नसतील त्या."

"कसली यादी?"

घाटेंनी संगणकावरून जुना तक्ता काढून, छापून त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्ही त्यांचे कायदेशीर पालक आहात आता. तुमचा हक्क आहे."

अक्षर शैलजाचे होते, बारीक आणि उजवीकडे झुकलेले. वर छापील सूचना होती: ज्यांच्यासमोर आपण सजग दिसावे असे आपणांस वाटते, परंतु पापण्या साथ देत नाहीत, अशा व्यक्तींचे आवाज व कारण नोंदवावे. पहिली नोंद पक्षकारांची होती. "रडत्या माणसाला मी झोपलेली दिसू नये." दुसरी न्यायाधीशांच्या बैठकीची, कारणाच्या रकान्यात नुसते "नोकरी". तिसरी नोंद अशी होती:

"शिवानंद. संध्याकाळी, जेवताना. दिवसभर ऐकून घरी जाते. त्यांचे ऐकायचे असते, पण डोळे मिटू लागतात. मग ते मध्येच थांबतात आणि 'जाऊ दे, तू दमलीस' म्हणतात. पुन्हा तो विषय काढत नाहीत. असे पुष्कळ विषय राहून गेले. ते थांबू नयेत."

खाली उमाक्काचे नाव लिहून त्यावर रेघ मारलेली होती. शेजारी लिहिले होते, "नको. तिच्यापुढे झोप आली तर मी झोपते."

*

घरी आल्यावर त्यांनी तो कागद उमाक्काला दिला आणि स्वतः हातपाय धुवायला गेले. परत आले तेव्हा तिने तो वाचून, घडी करून मांडीवर ठेवला होता.

"घोरायचीसुद्धा," उमाक्का म्हणाली. "मी सासूची गाऱ्हाणी सांगत असायची आणि ही घोरायची. उठल्यावर म्हणायची, 'पुढं काय झालं?'" तिने डोळे पुसले. "तुम्हाला वाईट वाटलं का?"

"आधी वाटलं. रिक्षात बसेपर्यंत." शिवानंद पलंगाकडे पाहत नव्हते. "सात वर्षं मला वाटत होतं की मी आता बरा बोलायला लागलोय."

"बरंच बोलता तुम्ही. जरा जास्त बोलता." ती किंचित हसली. "पण तिनं लिहिलंय ते खोटं नाही. तिला ऐकायचं होतं."

"होतं. तिच्या पापण्यांना जमत नव्हतं ते तिने दुसऱ्याकडून करवून घेतलं, माझ्यासाठी. आणि मी आठ महिने त्याच्या भरवशावर तिला..." त्यांनी हातातल्या पंचाची घडी घातली. मग ते म्हणाले, "मला वाटायचं तिने मत बदललंय, अक्का. आईच्या वेळी बोलली ते बदललंय. डोळ्यांनी तसं सांगतेय मला."

"आणि आता?"

"आता तिचं जे बोलणं शेवटचं आहे, तेच शेवटचं."

दुपारी उमाक्का जरा आडवी झाली होती आणि नसीमा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती, तेव्हा शिवानंद एकटे आत गेले. खुर्चीवर बसले नाहीत. पलंगाच्या पायथ्याशी, तिच्या नजरेच्या रेषेबाहेर उभे राहिले. त्यांना एक गोष्ट स्वतः पाहायची होती. तीस वर्षे ते मुलांना सांगत आले होते की नकाशा खरा आहे का हे जागेवर जाऊन बघावे.

त्यांनी घसा साफ केला. पापण्या उचलल्या गेल्या.

रोजच्या, मऊ आवाजात ते म्हणाले, "शैला, कृष्णेची पातळी दोन फुटांनी वाढली."

पापण्या आणखी वर गेल्या.

त्याच आवाजात, सूर जरासुद्धा न बदलता ते म्हणाले, "तू इथे नाहीस."

पापण्या कोपऱ्यांशी आवळल्या. खिडकीचा उजेड बुबुळांवर चमकत होता. एकतीस वर्षांच्या संसारात शैलजाने त्यांच्याकडे इतक्या मायेने कधी पाहिले नव्हते. तिला ते शक्यही नव्हते. ती दमलेली असे, घाईत असे, कधी रागावलेली असे, आणि जेव्हा प्रेमाने पाही तेव्हा अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पाही.

"मी तुला आठ महिने त्रास दिला," ते म्हणाले. "रोज चार वेळा तुझ्या घशात नळी घालतात आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहतो."

डोळे हसत होते. पुढच्या वाक्याची वाट पाहत होते.

या खोलीत कुणीतरी त्यांचे अतिशय लक्षपूर्वक ऐकत होते, आणि ते कुणीही नव्हते. ते बोलायचे थांबले. पापण्या पाच-सहा सेकंद तशाच राहिल्या, मग एकदा किंचित वर उचलल्या गेल्या, आर्जव केल्यासारख्या. ही हालचाल त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. गप्प बसलेल्या माणसाला बोलते करण्यासाठी ती नव्यानेच करून पाहिली गेली होती.

ते न बोलता मागच्या मागे दारापर्यंत गेले आणि बाहेर आले.

संध्याकाळी त्यांनी गॅलरीचे दार लावून घेऊन दोन फोन केले. पहिला घाटेंना. पट्टी थांबवता येते, असे त्या म्हणाल्या. उपकरण कानशिलाशी अर्धा मिनिट धरले की झाले. पण एकदा थांबवल्यावर स्नायूचा तो थर दोन-तीन दिवसांत वाळून जातो, तो पुन्हा चालू होत नाही. "विचार करून सांगा," त्या म्हणाल्या. शिवानंद म्हणाले, "विचार झालाय." दुसरा फोन त्यांनी जमादारांना केला आणि शुक्रवारी सकाळी कागद बरोबर घेऊन या, असे सांगितले.

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी ते घरात एक शब्दही बोलले नाहीत. चहा हवा का, याला त्यांनी मानेने उत्तर दिले. नसीमाला उमाक्काने कारण सांगितले असावे. तिने काही विचारले नाही.

*

शुक्रवारी दहा वाजता दोन्ही डॉक्टर आले. शैलजाचा ताप उतरला होता. उमाक्का तिच्या उजव्या हाताशी बसली होती, नसीमा खिडकीजवळ उभी होती. घाटेंनी उपकरण पुसून तयार केले आणि पट्टी थांबवण्याच्या संमतीचा कागद पुढे केला. शिवानंदांनी त्यावर सही केली.

"सर," घाटे म्हणाल्या, "यानंतर डोळे उघडणार नाहीत. तुम्हाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला. आम्ही बाहेर थांबतो. तुमच्याकडे बघितलेलं... ते एकदा मिळेल तुम्हाला."

शिवानंदांनी शैलजाकडे पाहिले. कालपासून त्यांचा आवाज घरात झाला नव्हता, त्यामुळे पापण्या कालपासून मिटलेल्या होत्या. मलमाने कडा ओलसर दिसत होत्या. एक शब्द पुरला असता. त्यांचे ओठ उघडले, हे उमाक्काने पाहिले. मग त्यांनी ते मिटले आणि मान हलवली. नाही.

घाटेंनी उपकरण आधी डाव्या कानशिलाला लावले, मग उजव्या. बारीक गुणगुण ऐकू आली आणि थांबली. शैलजाच्या चेहऱ्यावर काहीच घडले नाही. श्वास मिनिटाला सोळाच होता.

"झालं," घाटे म्हणाल्या.

शिवानंद पलंगाजवळ गेले आणि अगदी जवळ, तिच्या कानाशी उभे राहिले.

"जमादार," ते नेहमीच्या, वर्गातल्या स्पष्ट आवाजात म्हणाले, "घरीच ठेवायचं, तो कागद द्या."

पापण्या मिटलेल्याच राहिल्या. कागद हातात आल्यावर त्यांनी तो उभ्यानेच, पलंगाच्या कठड्यावर ठेवून शेवटपर्यंत वाचला, तारीख घातली आणि सही केली.